स्पाउस स्पॉन्सरशिपचा निर्णय येईपर्यंत कॅनडात व्हिजिटर म्हणून कायदेशीर कसे राहावे

टोरँटोच्या पिअर्सन विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टवर जो शिक्का मारतो, तो बहुतेक जण नीट पाहतही नाहीत. थकलेल्या माणसाचे लक्ष सामानाकडे आणि बाहेर वाट पाहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे असते. त्या शिक्क्याखाली कधी कधी पेनाने एक तारीख लिहिलेली असते आणि पुढच्या वर्षभराच्या दृष्टीने पासपोर्टमधली सर्वांत महत्त्वाची नोंद तीच असते. व्हिजिटरने त्या दिवसापर्यंतच कॅनडात राहायचे असते. तारीख लिहिलेली नसेल, किंवा यंत्रावरच तपासणी झाल्यामुळे शिक्काच पडला नसेल, तर प्रवेशाच्या दिवसापासून ६ महिने हा सर्वसाधारण नियम लागू होतो.

याच पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसावर वेगळी तारीख छापलेली असते. ती अनेकदा काही वर्षे पुढची असते, कारण कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा जास्तीत जास्त १० वर्षांचा मिळू शकतो. गोंधळाची सुरुवात इथेच होते. व्हिसावरची तारीख सांगते की त्या दिवसापर्यंत तुम्ही विमानतळावर येऊन प्रवेश मागू शकता. आत आल्यावर किती दिवस राहायचे, हे ती सांगत नाही. ‘व्हिसा तर २०३१ पर्यंत आहे’ असे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस सातव्या महिन्यात बेकायदेशीर मुक्काम करत असतो, आणि ते त्याच्या गावीही नसते.

आता यात स्पॉन्सरशिपचा अर्ज आणून पाहू. पती किंवा पत्नी कॅनडाची नागरिक आहे किंवा तिच्याकडे पीआर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी आहे, जोडीदार व्हिजिटर म्हणून आला आहे आणि दोघांनी मिळून त्याच्यासाठी पीआरचा अर्ज दाखल केला आहे. क्युबेकबाहेरच्या अशा अर्जांसाठी इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, स्वतःसमोर ठेवलेले सेवामानक १२ महिन्यांचे आहे, आणि प्रत्यक्षात वेळ त्याहून पुष्कळ मागेपुढे होतो. मुक्कामाची परवानगी मात्र ६ महिन्यांची आहे. म्हणजे ज्याला निर्णय येईपर्यंत जोडीदाराजवळ राहायचे आहे, त्याला निदान एकदा तरी मुदतवाढ मागावी लागेल, हे पहिल्याच दिवशी गृहीत धरलेले बरे. क्युबेकमध्ये राहणाऱ्यांनी तर अधिकच, कारण तिथे प्रांताची स्वतंत्र मंजुरी लागते आणि जून २०२४ पासून प्रांताने कुटुंबीयांसाठी स्वीकारायच्या हमीपत्रांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे.

अर्ज दाखल झाला म्हणजे स्टेटस मिळाले, असे नाही

या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा आहे. कॅनेडियन माणसाशी लग्न झाल्याने मुक्कामाचा हक्क मिळत नाही, पीआरचा अर्ज भरल्याने मिळत नाही, आणि अर्ज पोचल्याची पावती, जिला सगळे एओआर म्हणतात, ती हाती आल्यानेही मिळत नाही. पीआरची फाइल एका बाजूला चालू असते आणि तात्पुरत्या मुक्कामाची मुदत दुसऱ्या बाजूला संपत असते. ही मुदत संपत आली आहे हे पीआरची फाइल हाताळणारा अधिकारी तुम्हाला आठवण करून देणार नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. मुदत सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे अर्जदाराची असते.

मुदतवाढीसाठी व्हिजिटर म्हणून राहण्याचा कालावधी वाढवून देण्याचा ऑनलाइन अर्ज करायचा असतो. त्याचा फॉर्म आयएमएम ५७०८ या क्रमांकाचा असून शुल्क १०० डॉलर आहे. मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करावा, असे खात्याचेच सांगणे आहे. अर्ज मंजूर झाला की ‘व्हिजिटर रेकॉर्ड’ नावाचा कागद मिळतो आणि त्यावर नवी अखेरची तारीख असते. ती किती पुढची असेल हे अधिकारी ठरवतो. तुम्ही मागितलेलीच तारीख मिळेल असे नाही, आणि पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्यापुढची तारीख तर मिळतच नाही. पासपोर्टची मुदत आठ महिन्यांत संपणार असेल आणि तुम्ही वर्षाची वाढ मागितली असेल, तर फार तर आठ महिन्यांची मिळेल आणि पुन्हा शुल्क भरून पुन्हा अर्ज करावा लागेल. म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण आधी उरकावे. एक गोष्ट विसरू नये. व्हिजिटर रेकॉर्ड हा व्हिसा नाही. त्याच्या जोरावर देशाबाहेर जाऊन परत आत येता येत नाही.

या अर्जासोबत एक पत्र जोडायचे असते, आणि माझ्या मते अर्जाचे बरेचसे यश या पत्रावर ठरते. लोक ते दोन ओळींत उरकतात किंवा त्यात लग्नाची सगळी कहाणी लिहितात. अधिकाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: अजून का राहायचे आहे, खर्च कोण करणार, आणि परवानगी संपल्यावर तुम्ही जाल का. तेव्हा पत्र साधारण असे असावे: ‘माझ्या पतीने मला स्पॉन्सर केले असून आमचा पीआरचा अर्ज अमुक तारखेला दाखल झाला आहे. त्याचा क्रमांक असा आहे आणि पावती सोबत जोडली आहे. निर्णय येईपर्यंत आम्हाला एकत्र राहायचे आहे. या काळात माझा राहण्याजेवणाचा सर्व खर्च माझे पती करतील. त्यांच्या नोकरीचे पत्र, अलीकडच्या पगारपावत्या आणि बँकेचे उतारे जोडले आहेत. मी कॅनडात काम केलेले नाही. अर्ज नामंजूर झाल्यास परवानगीच्या मुदतीत मी देश सोडेन.’ याखेरीज विवाहाचा दाखला आणि पासपोर्टची माहितीच्या पानासह शिक्के असलेली सर्व पाने जोडावीत. पीआरचा अर्ज अजून तयार होत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि कुठवर आला आहे ते सांगावे. दाखल न झालेला अर्ज दाखल झाला आहे असे लिहिणे ही थाप ठरते. चुकीची माहिती देण्याबद्दल कॅनडाचा कायदा ५ वर्षांची बंदी घालतो आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही.

‘पीआर मागणारा माणूस परत जाईन असे कसे म्हणू शकतो?’ ही शंका अनेकांच्या मनात येते. तिचे उत्तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२ मध्येच आहे. कायमचे राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाला अडथळा ठरत नाही, मात्र दिलेल्या मुदतीच्या अखेरीस ती व्यक्ती देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी. याला दुहेरी हेतू म्हणतात. म्हणून विमानतळावर विचारले गेल्यास पीआरचा अर्ज लपवू नये. ‘नवऱ्याला भेटायला आले आहे, पीआरचा अर्ज चालू आहे, परवानगी मिळेल तेवढेच दिवस राहीन’ हे उत्तर खरेही आहे आणि कायद्यात बसणारेही.

मुदतीनंतरही निर्णय आला नाही तर

मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला, पण निर्णय येण्याआधीच जुनी मुदत संपली, असे सर्रास घडते. यासाठी नियमांत सोय आहे. मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीरच धरला जातो, आणि जुन्या अटी तशाच लागू राहतात. पूर्वी याला ‘इम्प्लाइड स्टेटस’ म्हणत. आता खात्याचा शब्द ‘मेंटेन्ड स्टेटस’ असा आहे. या अवस्थेत व्हिजिटरला वेगळे प्रमाणपत्र मिळत नाही. तुमच्या ऑनलाइन खात्यात दिसणारे अर्ज दाखल झाल्याचे पत्र आणि शुल्काची पावती हाच पुरावा असतो. ते दोन्ही अर्ज केला त्याच दिवशी उतरवून ठेवावेत, कारण पुढे कोणी विचारले तर दाखवायला दुसरे काही नसते.

एक उदाहरण घेऊ. शिक्क्याखाली १३ सप्टेंबर ही तारीख आहे. पत्नीने ५ ऑगस्टला मुदतवाढ मागितली. १३ सप्टेंबर उलटून गेला, उत्तर नाही. ती कायदेशीर मुक्कामात आहे. २० नोव्हेंबरला अर्ज मंजूर झाला, तर नव्या तारखेपर्यंत ती राहू शकते. नामंजूर झाला, तर त्या दिवसापासून तिचे स्टेटस संपते, मात्र १३ सप्टेंबर ते २० नोव्हेंबर हे दिवस बेकायदेशीर ठरत नाहीत. हाच अर्ज तिने १४ सप्टेंबरला केला असता, तर मधल्या संपूर्ण काळात तिच्याकडे कोणतेच स्टेटस नसते. एका दिवसाने एवढा फरक पडतो. शेवटच्या रात्री वेबसाइट बंद पडणे, कार्डाचे पेमेंट अडकणे, फाइल मोठी म्हणून न चढणे या गोष्टी नेमक्या तेव्हाच घडतात, म्हणून अखेरच्या तारखेला अर्ज करण्याचे धाडस करू नये.

मेंटेन्ड स्टेटस देशाच्या आत असेपर्यंतच टिकते. निर्णय येण्याआधी कॅनडाबाहेर पाऊल टाकले की ते संपते. परत येताना तुमच्याकडे चालू व्हिसा लागतो, अधिकारी तुमच्याकडे नव्याने पाहतो आणि नवी मुदत देतो किंवा देत नाही. आणखी एक बारकावा आहे. मेंटेन्ड स्टेटसवर असताना दुसरा अर्ज केला, तर त्याचा आधार पहिला अर्जच असतो. पहिला नामंजूर झाला तर दुसऱ्याच्या जोरावर ही साखळी चालू राहत नाही. ‘एकामागून एक अर्ज टाकत राहा’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

मुदत चुकलीच, तर ९० दिवसांच्या आत रिस्टोरेशनचा, म्हणजे गेलेले स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करता येतो. त्याचे वेगळे शुल्क आहे आणि ते २०० डॉलरांहून अधिक आहे. चूक कशी झाली हे त्यात प्रामाणिकपणे सांगायचे असते. रिस्टोरेशनचा निर्णय येईपर्यंत मात्र स्टेटस नसतेच; मेंटेन्ड स्टेटसचे संरक्षण इथे नाही. ९० दिवसही उलटले, तर हा दरवाजा बंद होतो.

इनलँड की आउटलँड

जोडीदार कॅनडात असताना पीआरचा अर्ज दोन वर्गांपैकी एकात करता येतो. एक कॅनडातील जोडीदारांचा वर्ग, ज्याला बोलीत इनलँड म्हणतात, आणि दुसरा फॅमिली क्लास, म्हणजे आउटलँड. नावावरून वाटते तसे आउटलँड अर्जासाठी देशाबाहेर असण्याची सक्ती नाही. व्हिजिटर म्हणून कॅनडात राहत असतानाही तो करता येतो.

इनलँडमध्ये दोघांनी कॅनडात एकत्र राहणे ही मूळ अट आहे. अर्ज चालू असताना जोडीदार बाहेर गेला आणि काही कारणाने परत येऊ शकला नाही, तर अर्जाचा पायाच ढासळतो. आउटलँडमध्ये येण्याजाण्याने अर्जाला धक्का लागत नाही. शिवाय आउटलँड अर्ज नामंजूर झाला तर स्पॉन्सरला सर्वसाधारणपणे इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येते. इनलँडमध्ये ते अपील नाही, फेडरल कोर्टाची परवानगी घेऊन निर्णयाची न्यायालयीन तपासणी मागणे एवढाच मार्ग उरतो. ज्याचे आईवडील आजारी आहेत, किंवा ज्याला मध्येच मायदेशी जावे लागण्याची शक्यता आहे, त्याने माझ्या मते आउटलँडचा विचार आधी करावा.

इनलँडची एक जमेची बाजू आहे आणि ती नेमकी स्टेटसशी संबंधित आहे. नियमानुसार या वर्गात अर्जदाराकडे तात्पुरते स्टेटस असावे लागते, पण फेब्रुवारी २००५ पासून लागू असलेल्या एका सार्वजनिक धोरणामुळे, केवळ मुदत उलटली किंवा परवानगीविना काम केले एवढ्याच कारणाने अशा जोडीदाराचा अर्ज फेटाळला जात नाही. हे धोरण ऐकून काही जण मुदतवाढीची फिकीर सोडून देतात. ते चुकीचे आहे. ही सवलत इनलँड अर्जापुरतीच आहे. हद्दपार होऊन परवानगीशिवाय परत आलेल्यांना किंवा गुन्ह्यामुळे अपात्र ठरलेल्यांना ती मिळत नाही. मुदत उलटलेल्या व्यक्तीवर देश सोडण्याचा आदेश निघू शकतो. वर्क परमिटही तिला सुरुवातीलाच मिळत नाही. पीआर अर्जाला तत्त्वतः मान्यता येईपर्यंत थांबावे लागते. धोरण म्हणजे पडल्यावर झेलणारी जाळी आहे. तिच्या भरवशावर उडी मारणे शहाणपणाचे नाही.

कामाचा प्रश्न

व्हिजिटरला कॅनडात काम करता येत नाही, आणि इथे ‘काम’ या शब्दाचा अर्थ पगारापुरता मर्यादित नाही. नियमांतली व्याख्या अशी आहे की ज्याबद्दल वेतन किंवा कमिशन मिळते, किंवा जे कॅनेडियन लोकांच्या रोजगाराशी थेट स्पर्धा करते, ते काम. त्यामुळे नवऱ्याच्या दुकानात रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसणे, पैसे न घेता का होईना, हे कामच ठरू शकते, कारण त्या जागी एरवी कोणाला तरी पगारावर ठेवावे लागले असते. हातात रोख पैसे घेऊन केलेली नोकरी तर उघडच नियमबाह्य आहे. परदेशातल्या कंपनीसाठी लॅपटॉपवर बसून चालू ठेवलेली नोकरी, जिचा पगारही परदेशातूनच येतो, ती मात्र सर्वसाधारणपणे कॅनडातल्या रोजगारात शिरणे मानली जात नाही. ६ महिन्यांपर्यंतचा एखादा छोटा अभ्यासक्रमही स्टडी परमिटशिवाय करता येतो. इंग्रजीचा किंवा फ्रेंचचा वर्ग लावायला हा काळ चांगला.

कायदेशीर कामाचा मार्ग म्हणजे जोडीदारांसाठीचे ओपन वर्क परमिट, म्हणजे एका ठराविक मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना. डिसेंबर २०१४ मध्ये ते इनलँड अर्जदारांसाठी प्रायोगिक म्हणून सुरू झाले आणि मे २०२३ मध्ये स्पॉन्सरसोबत कॅनडात राहणाऱ्या आउटलँड अर्जदारांनाही त्यात सामावून घेतले गेले. त्यासाठी पीआर अर्ज पोचल्याची पावती, स्पॉन्सरसोबत एकाच पत्त्यावर राहणे आणि टिकवून ठेवलेले स्टेटस लागते. शुल्क २५५ डॉलर. म्हणजे वेळेत केलेल्या मुदतवाढीचे मोल इथेही आहे.

क्रम साधारण असा ठेवावा. मुक्कामाची मुदत संपण्याआधी पीआर अर्जाची पावती आली, तर थेट वर्क परमिटचा अर्ज करावा; देशात राहून केलेला असा अर्ज मुक्काम वाढवण्याची विनंतीही धरला जातो. पावती आली नसेल, तर तिची वाट पाहत बसू नये, आधी व्हिजिटर म्हणून मुदतवाढ मागावी. वर्क परमिट मागितले म्हणून लगेच कामावर रुजू होता येत नाही. परमिट हाती येईपर्यंत तुम्ही व्हिजिटरच असता. पूर्वी काही जण अमेरिकेच्या हद्दीला वळसा घालून सीमेवरच परमिट घेऊन येत. २३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीपासून ती सोय जवळपास सर्वांसाठी बंद झाली आहे. कोणी अजूनही हा उपाय सुचवत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे परवाना आहे का, हेही पाहावे. प्रांताच्या लॉ सोसायटीचे सदस्य असलेले वकील व पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी किंवा इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या ‘कॉलेज’ नावाच्या अधिकृत नियामक संस्थेचे सदस्य यांनाच असे शुल्क घेऊन प्रतिनिधित्व करता येते.

आरोग्यविम्याचे नियम प्रांताप्रांतांत वेगळे आहेत. काही प्रांत पीआर अर्जाच्या ठराविक टप्प्यानंतर किंवा वर्क परमिटनंतर जोडीदाराला सरकारी विमा देतात. तोवर खासगी विमा घ्यावा, कारण विमा नसलेल्या माणसाचे इस्पितळाचे बिल पूर्ण रक्कम मागते.

या सगळ्या काळातले कागद पीआर मिळाल्यावर फेकून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. नागरिकत्वासाठी मागील ५ वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात राहिल्याचे दाखवावे लागते, आणि पीआरपूर्वी तात्पुरत्या रहिवाशाच्या अधिकृत स्टेटसवर काढलेला प्रत्येक दिवस त्यात अर्धा दिवस म्हणून मोजला जातो, जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. व्हिजिटर म्हणून कायदेशीर राहिलेले दहा महिने असे साधारण दीडशे दिवस मिळवून देतात. स्टेटस नसतानाचे दिवस या हिशेबात येत नाहीत. त्या वेळी जुना पासपोर्ट, पहिला शिक्का आणि व्हिजिटर रेकॉर्ड एकाच पाकिटात सापडले, तर तारखा आठवत बसावे लागत नाही.